आईला पेडिक्युअरला नेलं तेव्हा

मावसबहिणीचं लग्न परवावर आलंय, म्हणून आज आईला पेडिक्युअरला घेऊन गेले. तिला 12 वर्षं डायबेटिस आहे. पायाला साधं खरचटलं तरी जखम भरायला महिना जातो, त्यामुळे सकाळपासून माझ्या जिवाला घोर होता.

पहिल्या पार्लरमध्ये खुर्चीत बसलोही होतो. तेवढ्यात तिथल्या ताईंनी आधीच्या बाईंचं कटर टॉवेलला पुसलं आणि तेच आईसाठी उचललं. फाइलवर कुणाच्या तरी नखांची पांढरी भुकटी तशीच होती. विचारलं तर म्हणाल्या, "यूव्हीच्या पेटीत ठेवतो ना आम्ही." अहो, अतिनील किरणांची ती पेटी स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला ठीक आहे, पण तिच्यात ती निर्जंतुक होत नाहीत! रक्तातून पसरणारा हेपटायटिस बीचा (काविळीचा) विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकतो. मी आईचा हात धरला आणि निघाले.

दुसरीकडे आत शिरतानाच सगळं विचारून घेतलं. तिथल्या मुलीने आमच्यासमोर सीलबंद पाकीट फाडलं, त्यावरची रंग बदललेली पट्टी दाखवली. म्हणजे हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, दाबाखालच्या 121 अंश सेल्सिअसच्या वाफेतून निघालेली. टबाला नवं प्लास्टिक, फाइल कोरी, आणि काम झाल्यावर ती आम्हालाच देऊन टाकली. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, कापू नकोस म्हटलं, तर म्हणाली, "काकूंना डायबेटिस आहे ना, मग मी ब्लेड हातातच घेणार नाही."

200 रुपये जास्त गेले. आई मघापासून पाय पुढे करून बसलीय, फिकट गुलाबी नखं निरखत.