दसरा चौकातलं पंक्चर

ज्योतिबाहून येताना आज कोल्हापुरात दसरा चौकात गाडी पंक्चर. कपाळावर गुलाल तसाच. पंक्चरवाल्या चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघत म्हणाले, "काटा हाय, डोंगरावरचाच. परसाद न्हाई आणला व्हय भावा?" खोबरं काढलं. हात काळे, म्हणून त्यांनी सरळ तोंडच उघडलं!

समोर शाहू महाराजांचा पुतळा, जवळच मुस्लिम बोर्डिंग. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तेव्हा महाराज स्वतः अध्यक्ष झाले. जैन, लिंगायत, मराठा, सगळ्यांची वसतिगृहं याच गावात. पोरं शिकली पाहिजेत, एवढाच हिशेब.

तेवढ्यात मोबाइल वाजला. ग्रुपवर मेसेज, 'त्यांच्याकडनं काही घेऊ नका.' चाचांचे पैसे दिले, ग्रुप सोडला. आधीच का सोडला नव्हता, कुणास ठाऊक.