पाच हजारांची खोली

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात मी आरोग्य विम्याच्या कॅशलेस डेस्कवर बसते, म्हणजे बिल विमा कंपनीकडून थेट भरून घ्यायचं काम. कागद पोर्टलवर चढवायचे, मंजुरी आली की नातेवाइकांना हाक मारायची. "एवढे का कापले?" हा प्रश्न रोजचाच. माझं उत्तरही पाठ झालेलं: "कंपनीनं कापले, आमच्या हातात काही नाही."

त्या दिवशी ते चाललं नाही.

एकाहत्तर वर्षांचे काका, एसटीच्या लेखा शाखेतून निवृत्त. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन, चार दिवस मुक्काम, बिल १,८०,००० रुपये. पॉलिसी ३ लाखांची, सहासष्टाव्या वर्षी बँकेच्या काउंटरवर सही करून घेतलेली. दुपारी मंजुरी आली ८६,४०० ची. काका पोटावर हात धरून स्वतः खाली आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मॅडम, हिशेब दाखवा."

मी सांगितलं. पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का मर्यादा, म्हणजे दिवसाला ३,०००. यांनी घेतली ५,००० ची. मुलगा म्हणाला होता, "वरचे दोन हजार आपण भरू." सगळ्यांना असंच वाटतं. पण आमच्याकडे खोली बदलली की सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंगचे दरही बदलतात, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात देते, रुपयातले साठ पैसे. त्यावर वीस टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा पेशंटनं स्वतः भरायचा.

काकांनी पेन काढलं. खोली २०,०००. सर्जन, ओटी वगैरे १ लाख. औषधं-तपासण्या ६०,०००, त्यांनाही रुपयातले साठच पैसे लावलेले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "गोळीला काय ठाऊक मी कुठल्या खोलीत झोपलोय? जनरल वॉर्डातही ती तेवढ्यालाच ना?"

मी गप्प. कारण नियम खरंच तसा आहे. औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायची साधनं) आणि तपासण्यांना ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण इतक्या वर्षांत मी एकही मंजुरी त्या नजरेनं तपासली नव्हती. किती जणांचे असे गेले असतील, याचा विचार न केलेलाच बरा. पॉलिसीचं ते पान जोडून कंपनीला क्वेरी टाकली. साडेपाचला सुधारित मंजुरी आली, १,०५,६०० ची. १९,२०० वाढले. तरी दिवसाला ३,००० च्या खोलीत राहिले असते तर निदान चाळीस हजार वाचले असते, आणि हेही त्यांनीच मांडून दाखवलं.

"आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढलंय का?" मी विचारलं. "ते रेशनकार्डवाल्यांचं ना?" नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, या सरकारी योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. खासगी पॉलिसी असली तरी. आमचं रुग्णालय त्या योजनेत नाही, ही गोष्ट वेगळी.

पंधरा दिवसांनी तपासणीला आले ते काकूंना घेऊन. काकू सदुसष्ट वर्षांच्या, शुगर आणि बीपी. पूर्वी पासष्टीपुढच्यांना नवी पॉलिसी द्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर होतं; एप्रिल २०२४ पासून सगळ्या वयांसाठी पॉलिसी ठेवावी लागते, त्यामुळे मिळण्याची आशा होती. काकांनी दोन कंपन्यांच्या अटी छापून आणलेल्या, लाल पेनानं रेघा मारून. हप्ता कुठला कमी, हे त्यांनी विचारलंच नाही. खोलीची मर्यादा, को-पे, मोतीबिंदूला किती, शुगरचा क्लेम मिळायला थांबायचं किती (तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही), एवढंच.

"एजंट म्हणतो शुगर लिहू नका, कशाला हप्ता वाढवता," काकू म्हणाल्या.

"लिहा," मी म्हटलं. "पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की क्लेम नाकारायला कंपनीला माहिती लपवल्याचं कारण सहजी काढता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही क्लेम जातो. आणि तुमच्या फाइलीत पहिल्याच पानावर डॉक्टर शुगर लिहिणार, ती फाइल मीच कंपनीला पाठवणार."

काकांनी फॉर्म पुढे ओढला. मधुमेह: होय. किती वर्षे: अकरा.

"बारा," काकू म्हणाल्या. "दिवाळीत बारा झाली."