भाचीचा अकरावीचा फॉर्म

आज ताईकडे भाचीचा अकरावीचा फॉर्म भरायला बसलो, दहावीला सायन्स १ (फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर) मधे ४० पैकी ३८, मी सरळ सायन्सवर क्लिक करणार तेवढ्यात म्हणते, "मामा थांब, कॉमर्स टाक." का गं? "फिजिक्स." बस, एवढंच.

चुलतभावाने क्लासला लाखभर भरून वर्षभर रडत काढलेलं तिने बघितलंय ना. मॅथ्स सोडता येतं, बायो सोडता येतं, पण फिजिक्स काही सुटत नाही, डॉक्टर व्हायचं म्हटलं तरी 'नीट' परीक्षेच्या ७२० पैकी १८० मार्क याचेच! आणि शाळेत प्रयोग कसले, तर सर फळ्यावर आकृती काढणार आणि पोरं रीडिंग सकट जर्नल उतरवून घेणार. (आमच्या वेळीही हेच होतं म्हणा.)

गंमत म्हणजे चहा पिताना टेबलावरचा माझ्या चष्म्याचा कागद उचलून म्हणते, "मायनस अडीच? म्हणजे तुझी लेन्स अंतर्गोल, नाभीय अंतर ४० सेंटिमीटर." तोंडी! एक भागिले अडीच, म्हणजे ०.४ मीटर. हातात बिस्किट तसंच.

मी नुसता बघत राहिलो. फॉर्म अजून तसाच आहे, शनिवारी परत बसायचंय. ताई म्हणते तू तिला काही बोलू नकोस 😄