सपाट गावातला चढ

नागपूर सपाट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे शहर बहुधा मोटारीतून किंवा स्कूटरवरून पाहिलेले असते. इंजिनाला चढ कळतो, परंतु ते मालकाला कळू देत नाही. सायकलवर मात्र जमिनीतला हातभर फरकही आधी मांड्यांना समजतो आणि मग डोळ्यांना दिसतो. पुण्याच्या सायकलवाल्या मित्रांना सिंहगड आणि कात्रज हाताशी असल्यामुळे ‘नागपुरात चढाचा सराव करतो’ हे वाक्य विनोदी वाटते. त्यांचेही चुकत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर ऐसपैस पसरलेल्या या गावात टेकडी म्हटले की लोकांना टेकडी गणपतीचे देऊळच आठवते.

मी राहतो सक्करदऱ्याकडे, म्हणजे शहराच्या सखल अंगाला. पहाटे निघून रेशीमबागेवरून पंचशील चौकाकडे आणि तेथून शंकरनगरमार्गे अंबाझरीकडे जाताना हा सगळा रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो. तरीही तीच सायकल, तेच गिअर आणि तोच माणूस असूनही जातानाचा वेग परतीच्या वेगापेक्षा नेहमी कमी भरतो. कारण नाग नदीपाशी आहे. ती पश्चिमेला वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून पुढे निघते आणि शहराच्या मधून वाहत पूर्वेकडे कन्हान नदीच्या दिशेने जाते. पंचशील चौकाजवळ पूल ओलांडताना खाली वाहणारे ते काळपट पाणी (त्याला पाणी म्हणणे हा आपल्या सौजन्याचा भाग आहे) ज्या दिशेने उतरत असते, तिच्या नेमक्या उलट दिशेने मी चढत असतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि 1870 साली बांध घातलेला अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांमध्ये शिरला, तेव्हा कोणता रस्ता उंच आणि कोणता सखल हे साऱ्या शहराने एका रात्रीत पाहिले. त्या पाण्याने धरलेल्या वाटा पाहताना मला त्यांतील प्रत्येक उतार पायांच्या ओळखीचा वाटत होता.

खरा चढ अंबाझरीच्या पुढे सुरू होतो. विद्यापीठाच्या परिसरातून अमरावती मार्ग ओलांडला, भरतनगर मागे टाकले आणि फुटाळ्याच्या काठाशी आले की समोर वायुसेनानगरकडे जाणारा रस्ता दिसतो. पुढे हजारीपहाड, डावीकडे दाभा, उजवीकडे सेमिनरी हिल्स. बंगल्यांच्या आणि सदनिकांच्या या वस्त्यांत सकाळी साडेपाचला फिरायला निघालेले निवृत्त गृहस्थ, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली आणि रात्रपाळी संपवून रस्त्यावर आडवे झालेले कुत्रे एवढीच रहदारी असते. या उंचवट्यांखालचा दगड हा दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा थरावर थर पसरत आला, त्याच्या विस्ताराची पूर्वेकडची कड नागपुरापाशी येते आणि म्हणूनच पश्चिम नागपुराला टेकड्या आहेत, पूर्वेला फारशा नाहीत. ज्यांच्या नावाने आपल्याकडे कॉलेज आहे, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जवळच्याच टाकळी भागात, लाव्ह्याच्या थरांमध्ये दडलेल्या गाळात जुन्या जीवांचे अवशेष सापडले होते. दम लागलेला असताना हे आठवले तर चढ कमी होत नाही, पण दोष कोणाला द्यायचा हे तरी कळते.

त्या चढाची तऱ्हा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. पहिला टप्पा फसवा असतो. तलावावरून येणाऱ्या गार हवेत आपण मोठ्याच गिअरवर राहतो आणि आपली तब्येत सुधारली असल्याचा समज करून घेतो. मग रस्ता किंचित उभा होतो. पेडलचा वेग मिनिटाला नव्वद फेऱ्यांवरून साठावर येतो, श्वास नाकातून तोंडात जातो आणि अंगठा आपोआप गिअरच्या खटक्याकडे वळतो. मागची चेन खडखडत मोठ्या चक्रावर चढते तो आवाज रिकाम्या रस्त्यावर फार मोठा वाटतो. पुढे सिमेंटचा रस्ता लागला की त्याच्या सांध्यांवरून चाक जाताना ठराविक अंतराने एक हलका ठोका हँडलपर्यंत पोहोचतो. उतारावर हे ठोके एकमेकांत मिसळून जातात. चढावर मात्र ते इतके सुटे होतात की दोन ठोक्यांच्या मध्ये एखादा विचार पुरा करता येतो, आणि तो विचार बहुधा परत फिरण्याचा असतो. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो; तो पुसायला हात सोडावा तर सायकल डगमगते, म्हणून तो पडेपर्यंत वाट पाहावी लागते.

आणि हे एकदा करून भागत नाही. आपला चढ लहान असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा चढणे, वर पोहोचताच वळून खाली येणे आणि तळाशी श्वास जागेवर आला न आला तोच पुन्हा वर निघणे, हाच सपाट गावातल्या माणसाचा सराव. हा उद्योग पाहून कोपऱ्यावर गाडी उभी केलेल्या एका दूधवाल्याने मला थांबवून विचारले, “काऊन भाऊ, काही पडलं का रस्त्यात? मघापासून वरखाली करून राहिले.” मी व्यायाम असे उत्तर दिले. त्यावर त्याने माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि गाडीला किक मारली.

त्याच्या नजरेतला प्रश्न गणिताने सोडवून पाहिला, तर उत्तर फार उत्साहवर्धक नाही. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो वजन 30 मीटर उंच नेण्याला सुमारे 25,000 ज्यूल, म्हणजे जेमतेम सहा किलोकॅलरी इतके काम पडते. शरीर आपल्या इंधनाचा साधारण चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचवते, असे धरले तरी एका चढाचा खर्च पंचवीस किलोकॅलरींच्या आत राहतो. दहा वेळा चढावे, तेव्हा कुठे एका बशीतल्या पोह्यांची भरपाई होते आणि त्यावर घेतलेली तर्री हिशेबाबाहेरच राहते. सरावाचा फायदा वजनकाट्यावर शोधू नये, हे मला या आकडेमोडीने पटवले. तो दिसतो छातीच्या भात्यात. जो चढ महिन्यापूर्वी बोलणे बंद पाडत असे, त्याच चढावर शेजारच्या सोबत्याशी महापालिकेविषयी सविस्तर बोलता येऊ लागते.

लहान चढांना हसणाऱ्यांसाठी माझ्याजवळ एक उत्तर तयार असते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची 9,000 किलोमीटरहून लांब शर्यतही पार केली. आम्हा पहाटेच्या मंडळींची मजल त्यापुढे कुठेच नाही. कोणी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत संपवली, तरी त्याचे कौतुक महिनाभर पुरते.

विदर्भात या सगळ्याला घड्याळापेक्षा सूर्याची शिस्त अधिक असते. डिसेंबरात बोटे गारठून ब्रेक दाबायचे विसरतात, म्हणून जरा उशिरा निघालेले चालते. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, सातच्या आत घर गाठले नाही तर चढ राहू द्या, सपाट रस्ताही अंगावर येतो.

अलीकडे पूर्वेकडच्या काही सायकलस्वारांनी पश्चिमेपर्यंत येण्याचे कष्ट वाचवून उड्डाणपुलांवर सराव सुरू केला आहे. कामठी मार्गावर आणि वर्धा मार्गावर, मेट्रोच्या खालून जाणारे पूल चांगले लांब आहेत, आणि चढायचे तर घराजवळचे काय वाईट, असा त्यांचा रास्त सवाल असतो. मी तेही करून पाहिले. पुलाचा चढ अभियंत्याने आखलेला असतो. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मापाने वाढतो, कुठे दम घेऊ देत नाही आणि कुठे दमवतही नाही, शिवाय मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती वेगळीच. हजारीपहाडच्या रस्त्याला असे माप नाही. मध्येच एक बंगल्याएवढा सपाट तुकडा येतो, नेमका तेव्हाच जेव्हा आता पाय टेकावा असे वाटू लागलेले असते. त्या तुकड्यावर चार फेऱ्या सैल मारून घ्याव्यात आणि मग पुढचे वळण पाहावे; त्यासाठी मी अजूनही सक्करदऱ्याहून सारे शहर ओलांडून तिकडे जातो.