पोम्पेईच्या दारात अडकलेलं माझं आडनाव

रोमहून एका दिवसात पोम्पेई हे राखेखाली गाडलं गेलेलं जुनं शहर आणि पोझितानो हे समुद्रकाठचं गाव करून परत येता येतं. सकाळी पावणेसातला निघायचं, रात्री साडेनऊला परत. दमायला होतं, पण जमतं. सहल कशी होती म्हणून विचारणाऱ्यांसाठी एवढं उत्तर पुरेसं आहे. मला बोलायचंय ते तिकिटावरच्या नावाबद्दल. मे महिन्यात गेलो होतो, अजून राग उतरलेला नाही.

लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही. पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे. सासरी यावरून कधी वाद झाला नाही; फक्त लोकांना विसर पडतो, लग्नपत्रिकांवर, सोसायटीच्या पाटीवर आणि नवऱ्याला. त्याने एका रात्री सोफ्यावर लोळत मोबाइलवर बुकिंग केलं. फॉर्ममध्ये दोन रकाने, नाव आणि आडनाव. पहिल्या प्रवाशाचं आडनाव भरलं की खालच्या तिघांना ते आपोआप चिकटत होतं. त्याने सगळ्यांची पहिली नावं लिहिली, पैसे भरले आणि "झालं गं बुकिंग" म्हणून दिवा मालवला.

मला हे कळलं रोमला पोचल्यावर, सहलीच्या चार दिवस आधी. कन्फर्मेशन नीट न वाचल्याची माझीही चूकच, पण व्हिसा येईपर्यंत इतके कागद वाचले होते की पुढचे वाचायची इच्छाच उरली नव्हती.

आता नावाचा एवढा बाऊ कशाला, तर १५ नोव्हेंबर २०२४ पासून पोम्पेईत दिवसाला २० हजारच माणसं आत सोडतात आणि तिकीट नावानिशी असतं. उन्हाळ्याच्या हंगामात त्यातले १५ हजार सकाळी आणि ५ हजार दुपारी एकनंतर. दारात ओळखपत्राशी नाव ताडून पाहू शकतात. नियम मला चुकीचा वाटत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गल्ल्यांतून रोज किती बूट फिरवायचे याला काही मर्यादा हवीच, आणि नाव असलं की तिकिटांचा काळा बाजारही अवघड होतो. माझं भांडण नियमाशी नाही, सहल कंपनीशी आहे.

पहिली मेल पाठवली, त्याला यंत्राने उत्तर दिलं: तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे. दुसऱ्या मेलला माणसाने उत्तर दिलं: नावातला बदल सात दिवस आधीपर्यंतच. तिसऱ्यांदा पासपोर्टचा फोटो जोडून विचारलं, मग दारात अडवलं तर काय करायचं? त्यावर फक्त एक हसरा चेहरा आणि "काळजी करू नका, गाइडला बुकिंग दाखवा." चॅटवर विचारलं तर तिथल्या यंत्राने मला तीच सहल पुन्हा विकायचा प्रयत्न केला. फोन लावला, तर संगीत. बारा मिनिटं संगीत, परदेशातल्या रोमिंगच्या दराने.

नवरा म्हणाला, "कोण बघतंय एवढं?" हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

बस पियाझ्झा देल पोपोलोहून होती. जवळचं मेट्रो स्टेशन फ्लामिनियो, आणि मेट्रो साडेपाचला सुरू होते, त्यामुळे टॅक्सी करायची गरज नाही. रोम ते पोम्पेई साधारण २४० किलोमीटर. मध्ये हायवेवर एकदा थांबतात. तिथे कॉफी मागायला थेट काउंटरवर जाऊ नका. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग पावती दाखवून कॉफी. मी आधी काउंटरवर गेले, मग गल्ल्यावर, मग परत काउंटरवर, आणि तोवर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

पोम्पेईच्या पोर्ता मरिना दाराशी आमचे अठ्ठावीस जण रांगेत. गाइडबाई पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या, हातात पिवळी छत्री. सगळ्यांची ओळखपत्रं पाहत नव्हते. दहा-बारा जण तसेच आत गेले, मधूनच एखाद्याला थांबवत होते. नवरा गेला, मुलगा गेला, सासूबाई गेल्या. मला थांबवलं.

दारावरच्या बाईने पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, पुन्हा पासपोर्ट. मी इंग्रजीत सांगितलं की हे माझ्या नवऱ्याचं आडनाव आहे. ती गाइडला इटालियनमध्ये काहीतरी म्हणाली. गाइडने भाषांतर केलं, आणि ते मी जन्मात विसरणार नाही: "ती म्हणते, मग नवऱ्याचं नाव तुमच्या तिकिटावर कशाला? इटलीत लग्न झालं तरी बाईचं आडनाव तेच राहतं. कागदपत्रं सगळी माहेरच्या नावाने."

म्हणजे बघा. जे मी वीस वर्षं आपल्याकडच्या बँकांना, शाळांना आणि गॅस एजन्सीला समजावत आले, ते इथे दारावरची बाई मला समजावत होती. आणि मी तिच्यासमोर उलट बाजू लढवत होते! हसावं की रडावं ते कळेना. तेव्हा दोन्हीही केलं नाही. मी फक्त नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराच्या आत उभा होता आणि "पोराबरोबर कुणीतरी हवं ना" असं म्हणून गटाबरोबर पुढे सटकला. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, नवऱ्याहून उंच.

गाइडला थांबता येणार नव्हतं. दोन तास ठरलेले, सत्तावीस माणसं उन्हात. तिने कंपनीच्या स्थानिक माणसाला फोन केला, तो वीस मिनिटांत येतो म्हणाली आणि पिवळी छत्री चढावरून दिसेनाशी झाली. कानात घालायचं यंत्र माझ्या गळ्यात होतं. त्यातून थोडा वेळ तिचा आवाज येत राहिला, बॅसिलिका, न्यायालय, खांब, मग नुसती खरखर.

सासूबाई मात्र आत गेलेल्या परत बाहेर आल्या. "तुला एकटीला इथं सोडून मी दगडं काय बघू?" म्हणाल्या. त्या मूळच्या भोकरदनच्या, जालना जिल्ह्यातल्या. चौऱ्याहत्तर वर्षं वय, नऊवारी नाही, गोल साडी आणि पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज. आम्ही एका भिंतीच्या सावलीत बसलो. वीस मिनिटांचा माणूस पस्तीस मिनिटं आला नाही. तिकीट खिडकीवर नवं तिकीट घ्यावं का, असाही विचार केला, पण रांग बघून उठले नाही.

आणि मग सासूबाईंनी विचारलं, "तुझ्या पासपोर्टात शेवटच्या पानावर याचं नाव नाही का?"

पासपोर्ट आमचे सगळ्यांचे त्यांच्याकडेच. परक्या देशात चोऱ्या होतात म्हणून त्यांनी परकराला आतून कापडी बटवा शिवून घेतला होता आणि माझा पासपोर्टही दारातून परत मिळाल्या मिळाल्या त्यात गेला होता. शेवटच्या पानाचं त्यांना का आठवलं, तर त्यांचा पहिलावहिला पासपोर्ट याच सहलीसाठी काढला आणि त्या पानावर सासऱ्यांचं नाव बरोबर यावं म्हणून त्यांनी दोन खेपा घातल्या होत्या. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. "त्यांचं नाव तरी माझ्याबरोबर विमानात बसू दे," असं तेव्हा म्हणाल्या होत्या. मी तेव्हा घाईत होते, लक्ष दिलं नव्हतं.

भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं, आईचं आणि जोडीदाराचं नाव असतं. माझ्या पानावर नवऱ्याचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. आम्ही पुन्हा दाराशी गेलो. सासूबाईंनी स्वतःच पान उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बोट केलं, मग आत, जिकडे त्यांचा मुलगा गेला होता तिकडे. तोंडाने मराठी चालूच. दारावरच्या बाईने तिकिटावरचं आडनाव आणि पानावरचं आडनाव जुळवलं, सासूबाईंच्या बुटांकडे पाहिलं, हसली आणि आत सोडलं.

कंपनीचा माणूस तेव्हा स्कूटर लावत होता.

इतकी वर्षं ज्या नवऱ्याच्या नावाशिवाय माझं काम भागावं म्हणून मी भांडले, त्याच नावाने मला पोम्पेईत शिरता आलं. यावर मला काय वाटलं ते मी अजून ठरवलेलं नाही. चाळीस मिनिटं गेली हे मात्र नक्की.

गटाला गाठलं ते फोरम या मुख्य चौकाजवळ. यंत्रात खरखर कमी होत आवाज स्पष्ट व्हायला लागला, त्या दिशेने चालत गेलो. हरवलात तर ही युक्ती उपयोगी आहे. साचे बघायला मिळाले. सन ७९ मध्ये व्हेसुवियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या माणसांची शरीरं कुजून राखेत पोकळ्या उरल्या, त्यांत प्लॅस्टर ओतून १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ फिओरेल्लीने ती माणसं पुन्हा उभी केली. पुस्तकात वाचणं वेगळं. एक जण गुडघे छातीशी घेऊन बसलेला. आमचा मुलगा, जो सकाळपासून मोबाइलमधून मान वर काढत नव्हता, तो तिथे फोटो काढायचं विसरला. पुढे कुंटणखान्यात गाइडने भिंतीवरची चित्रं दाखवली. सासूबाईंनी "ही कसली धर्मशाळा?" असं विचारलं तेव्हा नवऱ्याची जी तारांबळ उडाली, तिने माझं निम्मं नुकसान भरून आलं.

मला बघायचं होतं ते घर मात्र राहिलं. व्हिया देल्ल'अब्बोन्दान्झा या मोठ्या रस्त्यावर एक घर आहे, तिथे १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. वीतभर उंची, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन लहान सेविका. म्हणजे ७९ सालाच्या आधी ती आपल्याकडून समुद्रापार तिथे पोचली होती. तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत, म्हणून ती तिकडचीच असावी असं काही अभ्यासक मानतात. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सांचीच्या दानलेखांत ज्याचं नाव येतं ते. मूर्ती स्वतः पोम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. घराच्या दारापुढे तरी सासूबाईंना उभं करावं, एवढीच माझी इच्छा होती. गाइड म्हणाली, वेळ असता तर नेलं असतं. ती चाळीस मिनिटं मला तिथे हवी होती.

जेवताना मी त्यांना मोबाइलवर मूर्तीचा फोटो दाखवला. म्हटलं, आई, हिला पोम्पेईची लक्ष्मी म्हणतात, पण ती लक्ष्मी नसावी, यक्षी असावी असं आता बरेच जण म्हणतात. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. "म्हणजे हिचंही नाव चुकीचंच लिहिलंय म्हण की."

जेवण पिझ्झा. शाकाहारी असाल तर मरिनारा हे नाव ऐकून घाबरू नका, त्यात मासे नसतात, चीजही नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. सासूबाईंनी तोच खाल्ला, वर पर्समधली शेंगदाण्याची चटणी भुरभुरवून.

दुपारी पोझितानो. डोंगराच्या कडेला रस्ता इतका अरुंद की मोठ्या बसला मनाई आहे, लहान गाडीत बसवतात. सोरेंतोच्या बाजूने जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र तिकडे आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी हाताशी ठेवावी, वळणं संपतच नाहीत. गाव सुंदर आहे, फोटोत दिसतं तितकंच. सांता मारिया आसुंता चर्चचा रंगीत कौलांचा घुमट, खाली राखाडी खड्यांचा किनारा. पण सगळ्या पायऱ्या. सव्वा तास मिळतो, त्यातला निम्मा चढण्या-उतरण्यात जातो. गुडघे दुखत असतील तर खाली किनाऱ्यापर्यंत जाऊच नका, वरूनच जास्त छान दिसतं. आम्ही दोघी वर लिंबाचा बर्फगोळा खात बसलो, बापलेक खाली जाऊन घामाघूम होऊन आले.

राहिलंच: पोम्पेईत ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरहून मोठी बॅग नेऊ देत नाहीत. आत पाण्याचे नळ आहेत, रिकामी बाटली न्या. सावली जवळजवळ नाहीच. रस्त्याचे दगड मोठे आणि घासून गुळगुळीत झालेले, सपाट तळाचे बूटच घाला. अठराखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो, पण वयाचा पुरावा लागतो, म्हणून मुलाचा पासपोर्टही सोबत हवा, मोबाइलमधला फोटो नको.

आणि नाव. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या ओळीत जे आहे ते सगळं पहिल्या रकान्यात, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव त्यात असेल तर तेही. 'आडनाव' या ओळीत जे आहे तेवढंच दुसऱ्यात. पैसे भरायच्या आधी प्रत्येकाने आपापलं नाव स्वतः वाचावं. दुसऱ्याला वाचायला सांगू नये, विशेषतः ज्याचं आडनाव बरोबर आहे त्याला.

परतीच्या बसमध्ये नवरा घोरत होता. मी त्याच्या मोबाइलवर परवाची कलोसियमची तिकिटं उघडली. तीही नावानिशीच असतात. चारही तिकिटांवर एकच आडनाव. पुढच्या सीटवर सासूबाई जाग्याच होत्या. मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी वाचलं आणि काही न बोलता परकराच्या बटव्यावर एकदा हात ठेवून पाहिला.