बाबांना गार लागलं होतं

दादा काल फोनवर बोलता बोलता सहज म्हणाला, "तुझ्या त्या गाडीत बाबा पार गारठले होते म्हणे. इकडे आल्यावर सगळ्यांना सांगत होते." मग तो सोसायटीच्या पाण्यावर गेला, तिथून धाकटीच्या दहावीवर. मी नुसती हं हं करत राहिले.

मला ते असं काही म्हणाले नव्हते. ऑक्टोबरात ते इकडे इंग्लंडला आले असताना बक्सटनहून मॅक्लेसफील्डच्या रस्त्याने आम्ही कॅट अँड फिडल नावाच्या जुन्या पबपर्यंत वर गेलो होतो. ५०० मीटरहून उंच जागा, चहूकडे उघडा माळ आणि वारा. कानटोपी, मफलर, माझं जाड जाकीट, सगळा बंदोबस्त केला होता. उतरल्यावर विचारलंही, "बाबा, थंडी वाजली का?" "छे गं, मस्त वाटलं," म्हणत त्यांनी दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. मला वाटलं, गाडीचं कौतुक चाललंय.

मला का नाही सांगितलं?

गाडी तशीच आहे, मान्य. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन ही उघडी, दोन सीटची गाडी आणली ती वजन काढून टाकण्याच्या ध्यासातूनच. १९७३ मध्ये ती बनवायचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले, तरी बेत तोच राहिला. माझी कॅटरहॅम जेमतेम साडेपाचशे किलोची, मारुती ८०० पेक्षाही हलकी. हीटर वेगळे पैसे मोजून घ्यायचा, आणि माझ्या आधीच्या मालकाने तो घेतला नव्हता. समोर काच आहे, पण वारा तिच्यावरून जाऊन पाठीमागे उतरतो आणि सीटच्या मागून मानेवर येतो. चालवणाऱ्याचे हातपाय हलत असतात, त्याला एवढं जाणवत नाही. शेजारच्याने नुसतं बसायचं. आणि बाबांचा जन्म स्टिअरिंगमागे गेलेला, शेजारी बसायची त्यांना सवय कुठली.

आज सकाळी हीटरच काढला करायला. सामान कधीचं जमवून ठेवलं होतं. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त हीटर मिळतात, दीडशे वॅटचे. उघड्या गाडीत दीडशे वॅट कुठल्या कुठे उडून जातात. चार किलोवॅटची ऊब विजेवर काढायची म्हटली तर १२ व्होल्टला तीनशेहून जास्त अँपिअर लागतील. आणि इकडे इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्यावाटे रेडिएटरकडे नेऊन वाऱ्यावर सोडत असतं. त्यातली थोडी वाटेत अडवायची. त्यासाठी भंगारातल्या जुन्या मिनी गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर, नावेच्या तळातली वाफ बाहेर काढायला वापरतात तो १२ व्होल्टचा पंखा, आणि घरी वाकवून रिव्हेट मारलेली अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी. पैसे वाचवायचे ते इथेच. होज, म्हणजे रबरी नळ्या, आणि क्लिपांत नाही. नव्वद अंशांचं पाणी, तेही दाबाखाली, आणि बाबांचे पाय तिथून हातभरावर. होज खास हीटरचा घेतला, क्लिपा सगळ्या नव्या. पंख्याला हवाही इंजिनाच्या बाजूची दिली नाही, धूर आणि पेट्रोलचा वास आत येतो. पायाशी असलेलीच हवा फिरवायची.

होज कापताना पुन्हा तेच मनात. दादाला सांगितलं. वहिनीला सांगितलं. शेजारच्या काकांनाही सांगितलं असणार. इतक्या लांब राहणाऱ्या मुलीशी जपूनच बोलायचं, असं घरात ठरलंय का? तिकडे काय चाललंय ते मला सगळ्यांत शेवटी कळतं. आईच्या वेळीही तसंच. ते आज नको.

दुपारी पाणी आणि कूलंट भरून इंजिन चालू केलं, तर पेटीत जाणारा पाइप चटका बसण्याइतका गरम, परतीचा थंडगार. आत हवा अडकलेली. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे जेवणाची वेळ, पण ताट बाजूला सारून बसले.

"इंजिन निवू दे आधी. गरमावर झाकण उघडायचं नाही. मग नाक वर चढव गाडीचं, परतीचा पाइप ढिला कर आणि सावकाश पाणी ओत."

रॅम्पवर चढवली. बराच वेळ बुडबुडे, मग पाण्याची सलग धार. पाइप घट्ट करून पुन्हा इंजिन लावलं, आणि थोड्या वेळाने परतीचा पाइपही तापला. पेटीतून ऊब यायला लागली.

"आत्ताच का काढलंस हे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी. गारठला होतात म्हणे. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर अर्ध्यातनं गाडी फिरवली असतीस. वरचा माळ बघायचा राहिला असता." मग स्वतःहूनच म्हणाले, "आमच्या एसटीत ऊब फुकट होती गं. पौषात रात्रीची मुक्कामी गाडी घेऊन पसरणी घाट चढायचा, तर कंडक्टर तिकिटं आटोपून इंजिनाच्या बॉनेटला टेकून बसायचा."

तेव्हा ते बॉनेटवरचे हात मला कळले.

गाडी मी फिरवली असती, यात शंकाच नाही. मान हलवून, काळजी करत, खाली आणून चहा करून दिला असता. त्यांना तो सगळा रस्ता हवा होता आणि थंडी त्या रस्त्याचीच होती. दादाला सांगितलं तेही गाऱ्हाणं नसावं. लांबचा घाट बघून आलेला माणूस गावात सांगतो, पार गारठलो, आणि ते सांगताना खूश असतो. तरी ते पहिल्यांदा मला ऐकायचं होतं, एवढं राहतंच. राहू दे. मीही त्यांना सगळं कुठे सांगते.

पेटीला दोन तोंडं ठेवली आहेत, मोठं शेजारच्या सीटकडे वळवलं. पंख्याचा रिले अजून जोडायचा आहे. मागून मानेवर येणाऱ्या वाऱ्याला हा हीटर काही करू शकणार नाही. त्याला सीटच्या मागे आडोसा लागेल, पण मग मागचा मोकळेपणा जातो. आधी बाबांनाच विचारते, हवा का.