खारीविना हिमयुग

आज दुपारी भाचीबरोबर ‘आइस एज’ हा अ‍ॅनिमेशनपट पुन्हा पाहिला. ओकचे फळ बर्फात रोवू पाहणारी खार अख्खा हिमकडा दुभंगवते, तेव्हा भाची खिदळत होती आणि माझे लक्ष मात्र तो बनवणाऱ्या ‘ब्लू स्काय’ या स्टुडिओच्या नावावर अडकले होते. २०१९ मध्ये डिस्नीने सुमारे ७१ अब्ज डॉलर मोजून फॉक्स या मनोरंजन कंपनीचा मोठा हिस्सा घेतला, त्यात हा स्टुडिओही आला आणि २०२१ मध्ये आर्थिक परिस्थितीचे कारण देऊन तो बंद करण्यात आला. (पिक्सारसारखा स्वतःचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ डिस्नीच्या घरात असताना ‘ब्लू स्काय’ जगेल, असे मला तरी वाटले नव्हते.) मालिकेचे नाव तेवढे टिकले, २०२२ मध्ये पुढचा चित्रपट आला, पण त्यात ही खारच नव्हती.

“मामा, पुढच्या भागात खार काय करते?” भाचीने विचारले.